चाचांच्या वहीतलं अकलूज

पुण्याहून अकलूजला यायचं तर सोलापूर रस्त्यानं इंदापूर गाठायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. सराटी गाव मागं पडलं की नीरा नदीवरचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सोलापूर. दर आषाढात संत तुकाराम महाराजांच्या पादुकांना सराटीला नीरेत स्नान घालतात आणि मग पालखी नदी ओलांडून अकलूजमध्ये येते. शिक्षण आणि नोकरीसाठी गाव सोडल्यापासून आम्ही तिघं भावंडं हा पूल अनेकदा ओलांडत आलो. पूल लागला की घर आलं असं वाटायचं. पलीकडे एसटी स्टँडवर चाचा उभे असायचे. गाडी कितीही उशिरा येवो, ते उभेच असायचे.

यंदाच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं एकत्र निघालो. थोरला पिंपरीला कारखान्यात आहे, बहीण हडपसरला शाळेत शिकवते, धाकट्याचं भोसरीला छोटं दुकान आहे. तिघांना एकाच दिवशी सवड मिळणं कठीण, पण या वेळी ती काढावीच लागली. गाडी स्टँडवर लागली. खाली उतरताना तिघांचीही नजर सवयीनं त्याच खांबाकडे गेली. तिथं एक म्हातारी पेरू विकत बसली होती.

चाचा डिसेंबरात गेले. आजारपण फार नव्हतं. फजरची नमाज घरीच पढली, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. अम्मी आता इद्दतीत आहे. चार महिने दहा दिवस तिनं पतीच्या घरीच राहायचं आहे. आयुष्यातली तिची ही दुसरी इद्दत. पहिली 1986 साली झाली, तेव्हा आमच्यातला थोरला नऊ वर्षांचा, बहीण सहाची आणि धाकटा तीन वर्षांचा होता.

जानेवारीत अम्मीचा फोन आला. म्हणाली, "त्यांची वही सापडली आहे. कुणाकुणाचं देणं लिहिलेलं आहे. मला घराबाहेर पडता येत नाही. तुम्ही या आणि ते फेडून टाका. वाटणीबिटणी नंतर."

इस्लाममध्ये हा क्रम ठरलेला आहे. माणूस गेल्यावर त्याच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याचं कर्ज, मग त्यानं वसीयत केली असेल तर ती, एक तृतीयांशाच्या मर्यादेत, आणि सगळ्यात शेवटी वारसांची वाटणी. आपल्याकडे पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. जनाजा उठायच्या आत घराचे कागद शोधले जातात आणि किराणा दुकानदाराची उधारी मात्र कुणाला आठवत नाही. अम्मीला तसं होऊ द्यायचं नव्हतं.

चाचा आमचे सावत्र वडील. हा शब्द लिहितानाही हात अडखळतो. 'सावत्र' या शब्दात सवत दडलेली आहे, आणि आमच्या घरात तर सवतीचा काही संबंधच नव्हता. पण आईच्या दुसऱ्या पतीला म्हणायचं काय, यासाठी मराठीत दुसरा सुटसुटीत शब्द नाही. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. तेही त्यांनीच ठरवून दिलं होतं.

आमचे अब्बा अकलूजमध्ये टांगा चालवायचे. स्टँडपासून शंकरनगरच्या साखर कारखान्यापर्यंत त्यांच्या खेपा असत. चाचा नालबंद होते. घोड्याला नाल आणि बैलाला पत्री ठोकणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा. अब्बांच्या घोड्याचे नाल तेच ठोकायचे, म्हणून दोघांची ओळख होती. 1986 च्या पावसाळ्यात अब्बा तापानं गेले. दादा-दादी आधीच वारले होते. टांगा दोन वर्षं आमच्या मामूंनी चालवला.

चाचांची पहिली बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. 1988 साली त्यांनी मशिदीच्या इमामसाहेबांमार्फत अम्मीला निकाहचा निरोप पाठवला. गल्लीत बरीच कुजबूज झाली. तीन पोरांच्या आईला आता निकाह कशाला, असं बोलणारे होते. दुसऱ्याची पोरं पोसायची हौस आहे म्हणून चाचांना हसणारेही होते. अम्मीनं एकच अट घातली, मुलं माझ्याजवळ राहतील. चाचांचं उत्तर इमामसाहेबांनी सांगितलं ते असं, की मुलं राहणार नसतील तर मला हा निकाह करायचा नाही.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी धाकट्यानं त्यांना अब्बा म्हणून हाक मारली. त्याला खऱ्या अब्बांचा चेहराही आठवत नव्हता. चाचांनी त्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बेटा, अब्बा तुझे ते. मी चाचा." शाळेत नाव घालताना मास्तरांनी कागदावर वडिलांच्या जागी चाचांचं नाव लिहायला घेतलं, तेव्हाही त्यांनी हात धरला आणि अब्बांचं नाव लिहायला लावलं. धाकट्याला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. थोरल्याला तर पुढं कितीतरी वर्षं असंच वाटत राहिलं, की या माणसानं आपल्याला सांभाळलं खरं, पण आपलं मानलं नाही. ही अढी घेऊनच तो गाव सोडून गेला. म्हणूनच या प्रवासाविषयी वाचकांशी बोलावंसं वाटलं.

वही म्हणजे लाल पुठ्ठ्याची जाड चोपडी, किराणा दुकानात असते तशी. चाचा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षर मोठं आणि वाकडं. पण हिशेब चोख. घ्यायचे एका बाजूला, द्यायचे दुसऱ्या बाजूला. द्यायच्या बाजूला पाच नोंदी उरल्या होत्या. आम्ही सकाळी नाश्ता करून निघालो.

पहिलं दुकान लोखंडाचं. नोंद 1,340 रुपयांची, पट्टी आणि खिळ्यांची. दुकानाच्या गल्ल्यावर आता मुलगा बसतो. त्यानं संगणकात पाहिलं आणि म्हणाला, आमच्याकडे तर 1,100 च दिसतात. आम्ही वहीतली तारीख दाखवली. दिवाळीनंतर घेतलेल्या खिळ्यांचे 240 त्याच्याकडे लिहायचे राहून गेले होते. त्यानं पैसे घेतले, पावती दिली आणि पावती देताना उठून उभा राहिला.

दुसरं दुकान पेंडीचं. घरी दोन शेळ्या आहेत, त्यांच्या सरकी पेंडीचे 860. तिसरा शिंपी, ईदला शिवलेल्या सदऱ्याची शिलाई 350. त्या शिंप्याचे डोळे पाणावले. म्हणाला, "शिलाई त्यांनी विचारलीच नव्हती. मीच घ्यायचा नाही म्हणून सांगितलं नव्हतं. मग हा आकडा कुठून आला?" आम्हाला तरी काय माहीत! कुणाला तरी विचारून चालू दर लिहिला असणार.

अकलूज आता बदललं आहे. राज्यातल्या मोठ्या ग्रामपंचायतींत गणली जाणारी इथली ग्रामपंचायत जाऊन 2021 मध्ये नगरपरिषद आली. रुंद रस्ते, दवाखाने, शोरूम. तालुक्याचं ठिकाण माळशिरस असलं तरी बाजारपेठ अकलूजचीच. पण नदीकाठ अजून ओळखू येतो. ग्रामदेवता अकलाईचं देऊळ, नीरेच्या काठचा जुना भुईकोट किल्ला. किल्ल्यात आता शिवाजी महाराजांच्या जीवनातले प्रसंग मूर्तींमधून उभे केले आहेत. शाळांच्या सहली येतात. आमच्या लहानपणी तिथं नुसती पडकी तटबंदी होती. रविवारी चाचा आम्हाला तिथं न्यायचे. बुरुजावर बसवून खाली पाण्यात बैल धुणारी माणसं दाखवायचे आणि सांगायचे, "तो डावीकडचा पाहा, मागचा उजवा पाय उचलून टाकतोय. पत्री सैल आहे." थोड्या वेळानं खाली उतरून त्या माणसाला ते सांगूनही यायचे. गिऱ्हाईक मिळावं म्हणून नाही. पुष्कळदा तिथंच दगडानं खिळा बसवून द्यायचे.

वाटेत सदाशिवराव माने विद्यालयाचं मैदान लागलं. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण इथं होतं. मधे पालखी, भोवती टाळ-पताकांचे वारकरी आणि त्यांच्यामधून अश्व धावतात. सगळं गाव लोटतं. चाचा दरवर्षी रिंगणाला जायचे. लोक घोड्याच्या पायाखालची माती कपाळाला लावायला धावत, चाचा मात्र घोड्याच्या टापांकडे बघत उभे. त्या दोन दिवसांत दिंड्यांच्या गाड्यांचे बैल आले तर पत्रीचे पैसे घ्यायचे नाहीत, असा त्यांचा नेम होता. एकदा धाकट्यानं विचारलं, "का घेत नाही?" म्हणाले, "मुक्या जनावराला कुठं माहीत, आपण कुणाच्या यात्रेला निघालोय? त्याचे पाय दुखतात, एवढंच त्याला कळतं."

चौथी नोंद वेगळी होती. पैसे नव्हे, काम देणं होतं. एका ऊसतोड मजुरानं दोन बैलांच्या पत्रीसाठी 400 रुपये आगाऊ दिले होते आणि काम व्हायच्या आत चाचा गेले होते. नोंदीपुढं मजुराचं नाव नव्हतं, फक्त 'बीडकर, तांबडा बैल, शिंग मोडलेलं' असं लिहिलं होतं. चाचांच्या हाताखाली शिकलेला एक तरुण आता त्यांची शेड चालवतो. त्याला नोंद वाचून दाखवली तर तो लगेच म्हणाला, "ओळखतो. टोळी कारखान्याच्या रस्त्याला उतरलीय."

फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन इकडे येतात, फडात कोयता चालवतात आणि बैल जोडलेल्या टायरगाडीनं ऊस कारखान्यावर आणतात. डांबरी रस्त्यावर टनावारी ओझं ओढून बैलांचे खूर झिजतात. पत्री नसेल तर आठ-दहा दिवसांत बैल लंगडतो, आणि बैल बसला की कुटुंबाची मजुरीही बसते. पूर्वी हंगामात चाचांना जेवायला वेळ नसायचा. आता ट्रॅक्टर वाढले, बैलगाड्या कमी झाल्या आणि नालबंदांची कामंही कमी झाली.

कोप्यांच्या वस्तीत तांबडा बैल सापडला. मालक फडातून नुकताच आला होता. पैसे परत देऊ केले तर घेईना. म्हणाला, "म्हाताऱ्याचं काय घेऊ? राहू द्या." पण देणं ते देणं. शेवटी आमच्याबरोबर आलेला तरुण म्हणाला, मी काम करून देतो. त्यानं दोर काढला. बैलाचे पाय बांधून त्याला अलगद आडवा केला, एकानं शिंगं धरली. चाकूनं खूर तासून सारखा केला. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. घोड्याला चारच नाल लागतात. पत्री बसवून खिळा तिरपा ठोकायचा, त्याचं टोक खुराच्या बाहेरच्या अंगानं निघालं पाहिजे. मग ते वळवून दाबायचं. खिळा जरा आत गेला तर तो जिवाला लागतो आणि जनावर कायमचं अधू होऊ शकतं. प्रत्येक खिळ्याआधी तो तरुण थांबून अंगठ्यानं खूर दाबून पाहत होता. चाचा अगदी तसंच करायचे. आम्ही तिघंही काही न बोलता पाहत राहिलो. दुसराही बैल झाला. वहीत चाचांच्या नोंदीपुढं त्या तरुणानं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'काम झाले.'

परतताना बाजार समितीवरून आलो. दिवाळीच्या सुमारास अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे घोडे येतात, लाखांच्या गोष्टी चालतात. त्या दिवसांत चाचांचा रुबाब काही और असायचा. सौदा करण्याआधी गिऱ्हाईक त्यांना घोड्याचे पाय बघायला बोलवायचं. दोन्ही बाजूंनी दलाली देऊ करत, पण ती त्यांनी कधी घेतली नाही. पाय पाहायचे, खोट असेल तर मालकासमोरच सांगायचे.

पाचवी आणि शेवटची नोंद चहाची होती, 215 रुपये. हॉटेलवाले आण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. मुलगा चहा करतो, ते खुर्चीवर बसून असतात. आम्हाला पाहून त्यांनी तिघांना जवळ बसवलं. पैसे घेतले, मोजले आणि खिशात ठेवले. "नालबंदाचा पैसा नको म्हणालो तर तो वर गेल्यावर मला जाब विचारेल," म्हणाले. मग थोरल्याकडे पाहून म्हणाले, "तू मोठा ना रं? तुझ्या पैशाला साक्षीदार मीच होतो."

इथं मागं जावं लागेल. निकाहनंतर लगेच चाचांनी अब्बांचा टांगा आणि घोडा विकला होता. आले 4,800 रुपये. ते चाचांनी घरखर्चाला लावले नाहीत. इमामसाहेबांना बसवून अब्बांच्या मालाची शरीअतप्रमाणे वाटणी केली. पत्नी म्हणून अम्मीचा आठवा हिस्सा 600. उरलेल्या 4,200 चे पाच भाग, 840 चा एक. दोन मुलांना दोन-दोन, मुलीला एक. वहीत एक पान आहे, त्यावर 'अमानत' असं लिहून खाली आमच्या अब्बांचं पूर्ण नाव आणि हे आकडे मांडलेले आहेत. नुसते पैसे पडून राहिले तर त्यांची किंमत उरणार नाही, म्हणून त्यांनी त्या 4,200 च्या शेळ्या घेतल्या. करडं किती झाली, किती विकली, चाऱ्याला काय लागलं, सगळं पुढच्या पानांवर आहे. 1996 पर्यंत त्याचे 13,000 झाले होते.

त्या वर्षी थोरला बारावी होऊन पुण्याला डिप्लोमाला निघाला. जायच्या आदल्या संध्याकाळी चाचांनी त्याला याच हॉटेलात बोलावलं. इमामसाहेब आणि आण्णा बसले होते. चाचांनी दोघांसमोर 5,200 रुपये मोजून त्याच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "हे तुझ्या बापाचे आहेत. माझे नाहीत. मोजून घे."

थोरल्यानं ते मोजले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या क्षणी काय वाटलं असेल? आपला हिशेब चुकता केला, आता आपण या घराचे कुणी नाही, असं वाटलं. तो मुकाट्यानं उठला. पुढं दरवर्षी ईदला यायचा, पैसे पाठवायचा, अदबीनं वागायचा. पण चाचांच्या शेजारी बसून मनमोकळं बोलला नाही. 28 वर्षं तसंच राहिलं.

आण्णा सांगत होते, "तू गेलास आन् नालबंद हितंच बसून राहिला. इमामसाहेब गेल्यावर मला म्हणला, आण्णा, दोन हजार उसने पाहिजेत. मी म्हणलो, आत्ता तर पोराला पाच हजार दिलेस. तर म्हणला, ते त्याच्या बापाचे. फी भरायची ती बापाच्या मयत पैशातनं कशाला? ती मी भरीन."

बहिणीनं वही उघडली. 1996 च्या जूनमध्ये नोंद होती, 'आण्णा, उसने 2,000'. कशासाठी ते लिहिलेलं नव्हतं. त्याच हंगामात तीन हप्त्यांत फेड. आम्ही मग तिथंच बसून पानं उलटत राहिलो. लोखंड, खिळे, पेंड, चहा, शिलाई, चार आण्यांपर्यंत सगळं होतं. आमच्या शाळेची फी कुठं नव्हती. बहिणीच्या डी.एड.चा खर्च नव्हता, तिच्या लग्नाचा नव्हता, धाकट्याच्या टायफॉइडचा नव्हता. जिथं जिथं असा खर्च झाला असणार, तिथं तिथं फक्त कुणाकडून तरी उसने घेतल्याची आणि ते फेडल्याची नोंद होती. बापानं लेकरांवर केलेला खर्च उधारीच्या वहीत लिहायचा नसतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

थोरला उठून हॉटेलच्या मागं गेला. बराच वेळानं आला. आण्णांनी त्याच्यासाठी पुन्हा चहा सांगितला.

घ्यायच्या बाजूला पुष्कळ नावं होती. कितीतरी नोंदींवर आडवी रेघ आणि पुढं 'माफ'. 2012-13 च्या दुष्काळात जिल्ह्यात जनावरांसाठी चारा छावण्या पडल्या होत्या, त्या वर्षीच्या तर बहुतेक सगळ्या नोंदींवर रेघ होती. उरलेलं येणं आता वारसांचं. वारस म्हणजे अम्मी आणि चाचांचे धाकटे भाऊ. चाचांना स्वतःचं मूल नसल्यानं अम्मीचा चौथा हिस्सा आणि बाकी भावाचं. सावत्र मुलं वारसांत येत नाहीत, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याबद्दल आमची काही तक्रारही नव्हती. काका संध्याकाळी वेळापूरहून आले. अम्मी आणि ते, दोघांनीही उरलेलं येणं सोडून दिलं. घराचं काय, असा विषय निघाला तेव्हा काका म्हणाले, "भाभी असेपर्यंत घराला हात लावायचा नाही."

मग अम्मीनं वहीचं शेवटचं पान उघडायला सांगितलं. ती वसीयत होती. इमामसाहेबांच्या जागी आता आलेल्या मौलानांची आणि आण्णांची सही. शेड, ऐरण आणि हत्यारं यांच्याविषयी होती ती. एक तृतीयांशापेक्षा जास्त होत नाही, हेही विचारून लिहिलेलं. आणि देणार कुणाला? त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्या तीन मुलांना.'

पस्तीस-छत्तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकला नव्हता.

वाचकहो, आता आम्हाला कळतं त्यांनी काय केलं ते. कुरआनच्या सूरह निसामध्ये यतीमांच्या मालाविषयी ताकीद आहे. तो आपल्या मालात मिसळून खाऊ नये, मूल जाणतं झालं की त्याचं त्याला द्यावं आणि देताना साक्षीदार ठेवावेत. सूरह अहजाबमध्ये सांगितलं आहे की मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानं ओळखावं. चौथी शिकलेल्या चाचांनी ही दोन्ही वचनं शब्दशः पाळली होती. आणि ज्याला आम्ही दुरावा समजत होतो, ती आमच्या मेलेल्या बापाची त्यांनी राखलेली इज्जत होती.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचं घर आठवून पाहा. हजरत खदीजा (रजि.) विधवा होत्या. त्यांचा आधीच्या पतीपासूनचा मुलगा हिंद बिन अबी हाला प्रेषितांच्या घरात वाढला. प्रेषितांचा चेहरामोहरा, चालणं-बोलणं यांचं जे तपशीलवार वर्णन आपण वाचतो, ते याच सावत्र मुलानं सांगितलेलं आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे पती उहुदच्या जखमेनं वारले. प्रेषितांचा निरोप आला तेव्हा त्यांनी आपल्याला मुलं असल्याची अडचण सांगितली, आणि प्रेषितांनी त्या मुलांची जबाबदारी आपली मानली. जेवताना अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा आणि आपल्या समोरचं खा, ही शिकवण आपण घराघरांत मुलांना देतो. ती मुळात दिली गेली उम्मे सलमांच्या मुलाला, उमर बिन अबी सलमाला, ताटात इकडंतिकडं हात फिरवताना. त्याचं नाव शेवटपर्यंत त्याच्या वडिलांच्या नावासह राहिलं. हजरत अबू बक्र (रजि.) यांच्यानंतर त्यांच्या पत्नी हजरत अस्मा बिन्ते उमैस यांचा हजरत अली (रजि.) यांच्याशी निकाह झाला आणि अबू बक्रांचा लहानगा मुलगा मुहम्मद अलींच्या घरात वाढला. कुरआनात पत्नीच्या आधीच्या मुलींसाठी 'रबाइब' हा शब्द आला आहे. पालनपोषण हा त्याचा मूळ अर्थ. 'रब' या शब्दाचंही मूळ तेच.

इतकी उदाहरणं डोळ्यांसमोर असताना आपल्या वस्त्यांत आजही विधवेच्या निकाहचा विषय निघाला की आधी तिची मुलं मोजली जातात. पोरं मामाकडे ठेवा, दादीकडे ठेवा, मग बघू, असं सांगितलं जातं. ज्यांनी मुलांसकट आईला घरात आणलं, त्यांचं कौतुक तर सोडाच, चेष्टा होते. आमच्या चाचांचीही झाली. त्यांनी कधी कुणाला उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे भाऊ कब्रस्तानात गेलो. बहीण अम्मीजवळ थांबली. चाचांची कबर अब्बांच्या कबरीपासून फार लांब नाही. ही जागाही त्यांनीच सांगून ठेवली होती, असं मौलाना म्हणाले. दोन्हीकडे फातिहा पढली. थोरला चाचांजवळ खाली बसला. त्यानं काय म्हटलं ते धाकट्यानं ऐकलं नाही, विचारलंही नाही. फक्त उठताना तो ज्या नावानं हाक मारून उठला, ते नाव चाचा नव्हतं.

शेड आणि ऐरण आम्ही त्या तरुणाला वापरायला दिली आहे. भाडं घ्यायचं नाही, पण दोन अटी आहेत. पालखीच्या दिवसांत पत्रीचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि शिकायला एखादा यतीम मुलगा आला तर त्याला परत पाठवायचं नाही. खूर तासायचा चाकू बहिणीनं मागून घेतला. वही अम्मीकडे आहे.

परतीच्या गाडीत आम्ही तिघं शेजारी शेजारी बसलो. पुलावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. खाली नीरेच्या पाण्यात कुणीतरी बैल धूत होतं. थोरल्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर टाकतोय पाय." मग गाडी सराटीकडे वळली.

ज्यांच्या घरात असे कुणी चाचा आहेत, त्यांनी आमच्यासारखा उशीर करू नये. आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ जाऊन बसा. आणि आमच्या दोन्ही वडिलांसाठी दुआ करा. अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि त्यांना जन्नतुल फिरदौसमध्ये जागा देवो. आमीन.